‘आणि पार्टी’ म्हणजे कोण?

दुसऱ्याच्या बोलण्यामागून तेच बोलणाऱ्याला मराठीत ‘री ओढणारा’ म्हणतात. एकच तक्रार पुन्हापुन्हा मांडणाऱ्याला ‘तेच तुणतुणे वाजवू नकोस’ असे बजावले जाते. दोन्ही वाक्प्रचारांत तुच्छता आहे. ज्याच्या कामाची भाषेने अशी थट्टा केली, तो माणूस म्हणजे शाहिराच्या मागे तुणतुणे घेऊन उभा राहणारा आणि त्याच्या ओळीचा शेवट उचलून धरणारा झीलकरी. जुन्या तबकड्यांवरील पोवाडे आणि लावण्या ऐकताना आज अनेकांचे मन भरून येते. पण त्या हळव्या आठवणीतही नाव निघते ते शाहिराचे. मागच्या आवाजांना नाव नसते.

झीलकऱ्याचे काम ऐकायला सोपे वाटते. करायला ते तसे नाही. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी पोवाडा उघड्या मैदानावर, टिपेच्या सुरात, तासन्‌तास चालत असे. प्रसंग रंगवीत शाहीर ओळीच्या शेवटाला येतो, तेव्हा त्याचा श्वास संपत आलेला असतो. नेमक्या त्या क्षणी मागचे दोघे-तिघे तो सूर उचलतात आणि ‘जी जी’ करीत ताणून धरतात. तेवढ्या अवकाशात शाहीर दम घेतो, पुढची ओळ मनाशी जुळवतो, श्रोत्यांवरून नजर फिरवतो. झील उतरली तर शाहिराचा पुढचा सूर उतरतो. झील रेंगाळली तर लय ढासळते. तमाशाच्या फडात हेच काम सुरते करीत आले. ढोलकी आणि हलगी ताल देतात, तुणतुण्याची एकुलती तार आधाराचा सूर देते. पण थकल्या शाहिराला पुन्हा उभे करतो तो माणसाचाच आवाज.

या आवाजांचे एक मोठे आगर कृष्णाकाठी होते. पठ्ठे बापूरावांचा जन्म १८६६ साली वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. त्याच तालुक्यातील वाटेगावात १९२० साली अण्णाभाऊ साठे जन्मले. शाहीर साबळे १९२३ सालचे, वाई तालुक्यातील पसरणीचे. या तिघांच्या जन्माच्या वेळी ही तिन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात होती. १९४९ साली त्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. सरकारी हद्द बदलली, तरी फडांच्या वाटा बदलल्या नाहीत. जत्रेची सुपारी साताऱ्याकडची असो वा सांगलीकडची, गाडीत ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झीलकरी बरोबरच चढत.

अशा समूहाच्या गाण्याला आरंभीच्या ध्वनिमुद्रणयंत्राने मात्र फारशी जागा दिली नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि भारतात तबकड्यांचा व्यापार सुरू झाला. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी ती रीत होती. जो कर्ण्याजवळ तो ऐकू येई. जो चार पावले मागे तो पुसट होई. शाहीर पुढे आणि झीलकरी मागे ही फडातील मांडणी या यंत्राला सोयीची नव्हती. त्यात एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. झील ही मुळातच सावकाशीची, श्वास देण्याची गोष्ट. तीन मिनिटांच्या घाईत सर्वांत आधी तिलाच कात्री लागणार, हे उघड होते.

पण यंत्राची अडचण हे सगळे उत्तर नव्हे. त्याच १९०२ साली अमेरिकेत डिनविडी क्वार्टेट या चार कृष्णवर्णीय गायकांच्या संघाने तबकड्या मुद्रित केल्या. एका शाळेसाठी निधी गोळा करीत हे चौघे गात हिंडत. कर्ण्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले चार पुरुषी आवाज त्या यंत्राला चांगले पकडता येत. म्हणूनच तिकडे चौघांच्या संघांच्या तबकड्या पुढे अनेक वर्षे आवडीने घेतल्या गेल्या. त्या चौघांची नावे संशोधकांनी शोधून नोंदवून ठेवली आहेत. वर्णभेदाने पोखरलेल्या त्या समाजातही ‘चौघे’ हीच गाणाऱ्यांची ओळख ठरली आणि म्हणून पुढच्यांना ‘कोण चौघे?’ असे विचारता आले. आपल्याकडे तो प्रश्नच पडला नाही.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि मागच्या रांगेलाही आवाज मिळाला. पोवाडे, लोकगीते, कव्वाल्या, भजने समूहासह मुद्रित होऊ लागली. त्या काळातील तबकडीच्या मधल्या गोल कागदावर एक ठरीव शब्दयोजना दिसते: अमुक अमुक आणि पार्टी. यंत्राला जे दोष देता येत होते ते आता संपले होते. आवाज स्वच्छ ऐकू येत होता, पण त्याची ओळख दोन शब्दांत आटोपली होती.

ज्यांनी जत्रेत, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात हा ‘फोनो’ ऐकला, त्यांच्या कानात मात्र ही पार्टी पक्की बसली आहे. चावी भरायची, सुई बदलायची, तबकडीवर अलगद टेकवायची. थोडी खरखर आणि मग शाहिराची पहिली हाक. ऐकणारी मुले शाहिराचे शब्द विसरत, पण झील सर्वांना येत असे, कारण झील ही श्रोत्याच्या वाट्याची जागा असते. शाहीर एकटा असतो. झीलकरी आपल्यातला असतो. त्या गाण्याची ओढ आज वाटते ती बहुधा त्यामुळेच. शाहिराची थोरवी आठवताना मन आदराने भरते. पण झील आठवताना आपणही त्या गाण्यात होतो असे वाटते.

शाहिराची प्रतिभा आणि झीलकऱ्याची साथ एका मापाने मोजता येणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. कवन रचणे, प्रसंग उभा करणे, समाजाला धारेवर धरणे ही शाहिराची कामगिरी. तबकडीवरील कागद लहान, आणि विकले जाते ते प्रसिद्ध नाव. पण विस्मरणाला आणखी एक कारण आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. तमाशाचे फड प्रामुख्याने दलित कलावंतांनी जगवले. कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेले बापूराव त्या फडात गेले, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकले. पण पुढे त्यांचे नाव लोकांनी आदराने घेतले. त्यांच्या मागे उभ्या राहून ज्यांनी आयुष्यभर झील धरली, त्यांना समाजाने कधी हिशेबातच घेतले नव्हते. ‘आणि पार्टी’ हे शब्द कागदाच्या टंचाईतून आले असतील. ती नावे कोणी विचारली नाहीत, ते मात्र टंचाईतून नव्हे.

हे विस्मरण तबकडीपेक्षाही जुने आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणे आणि मागचे साथीदार ती उचलून धरत. त्या नाट्यपरंपरेचे स्मरण म्हणून सांगलीत दरवर्षी भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणे होते. हे सारे उचितच आहे. पण मागे उभ्या असलेल्यांसाठी या दोन जिल्ह्यांत एखादी यादीसुद्धा नसावी, हे उचित नाही. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले आहे. कवी, संगीतकार आणि शाहीर ही तीन नावे शाळकरी मुलालाही सांगता येतील. शाहिरामागून गर्जणाऱ्या आवाजांची नावे किती शिक्षकांना सांगता येतील?

आता वेळ थोडा उरला आहे. १९५० च्या दशकात विशीत असलेला झीलकरी आज नव्वदीच्या आसपास असणार. जुन्या तबकड्या माळ्यावर आहेत, भंगारात जात आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीतील घराघरांत शिरले, तेव्हा कितीतरी कागद आणि ग्रंथ नष्ट झाले. लाखेची तबकडी पाण्याने विरघळत नाही; सुटून जातो तो तिच्यावरचा कागद. आवाज उरतो आणि नाव वाहून जाते. झीलकऱ्याचे नाव तर त्या कागदावरही नव्हते. ते केवळ माणसांच्या आठवणीत आहे. आणि आठवण तबकडीइतकी टिकाऊ नसते.

तबकड्या जपणारे लोक आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने या कामात मोलाची भर घातली आहे. पण नावे जपण्याला संग्राहक लागत नाही, वही लागते. वाळवे, मिरज, तासगाव, कराड, वाई येथील शाळा, महाविद्यालये आणि गावोगावची वाचनालये यांनी मनावर घेतले, तर एका सुटीत हे काम उभे राहील. विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांकडे जावे. गावात कोणाचा फड होता, शाहीर कोण, ढोलकी कोणाची, तुणतुणे कोणाच्या हाती, झील कोण धरीत असे, एवढेच विचारावे आणि उत्तर शाईने लिहून वाचनालयात ठेवावे. घरात जुनी तबकडी असेल, तर ती त्या वृद्धांना ऐकवावी. शाहिराचा आवाज सर्वच ओळखतात. मागचा आवाज ओळखून ‘हा आमच्या आळीतला’ म्हणणारा एखादा अजून भेटेल.

त्याने सांगितलेले नाव ‘आणि पार्टी’च्या पुढे लिहिले गेले, तर जुन्या गाण्यावरचे आपले प्रेम निव्वळ उसासा राहणार नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या ओळीचा शेवट ज्यांनी सांभाळला, त्यांच्यासाठी एवढी झील तरी पुढच्या पिढीने धरावी.