गुडघे, अंगठी, मेणबत्ती आणि चहा!

अँग्लिकन चर्चची श्रद्धा समजून घ्यायची तर त्याची उपासना पाहावी. गुडघे टेकायचे की नाही, मेणबत्ती लावायची की नाही, यावरून इथं वाद पेटले, माणसं तुरुंगात गेली. त्यातले हे निवडक किस्से.

पुस्तक आलं, बंड झालं: आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांचं ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ १५४९ मध्ये इंग्लंडभर लागू झालं. लॅटिनची जागा इंग्रजीनं घेतली आणि डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये उठाव झाला. आमच्यातल्या काहींना इंग्रजी कळतच नाही, ही कॉर्नवॉलकरांची तक्रार होती!

छपाई थांबवणारे गुडघे: १५५२ ची आवृत्ती छापायला गेली होती. तेवढ्यात प्रभुभोजन गुडघे टेकून घेणं म्हणजे भाकरीची पूजा, असा आक्षेप आला. घाईघाईनं खुलासा जोडला गेला: हे नमन कृतज्ञतेचं आहे, भाकरीची आराधना नव्हे. काही प्रतींत तो सुट्या पानावर आहे, काहींत नाहीच.

तोच हात आधी: कॅथलिक मेरी राणीच्या काळात क्रॅनमर यांनी दबावाखाली आपली मतं नाकारणाऱ्या कागदांवर सह्या केल्या. १५५६ मध्ये ऑक्सफर्डला जिवंत जाळताना त्यांनी सही करणारा उजवा हात सर्वांत आधी ज्वाळेत धरला.

अंगठी नको!: १६०३ मध्ये, चर्चमधले कॅथलिक अवशेष नको असलेल्या प्युरिटन पाद्र्यांनी जेम्स राजाकडे अर्ज केला. लग्नातली अंगठी नको, बाप्तिस्म्यात क्रुसाची खूण नको. अंगठी राहिली; मात्र त्यानंतर राजानं बोलावलेल्या परिषदेतून १६११ चं किंग जेम्स बायबल जन्मलं.

मेणबत्तीसाठी कोठडी: १८७४ च्या कायद्याचा रोख रोमन कॅथलिक वळणाच्या विधींवर होता. मेणबत्त्या, धूप, झगमगीत झगे यांपायी पाच पाद्री तुरुंगात गेले. लोकांची सहानुभूती त्यांनाच मिळाली आणि कायदा निष्प्रभ ठरला.

टिळकांचा चहा: १८९० मध्ये टिळक, रानडे, गोखले यांना ज्या चहानं ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, ओढलं, तो पुण्याच्या पंचहौद मिशनचा. हे मिशन अँग्लिकन संन्यस्तांचं! आठव्या हेन्रीनं इंग्लंडमधले मठ बंद पाडले होते. तीनशे वर्षांनी मठजीवन परतलं आणि पुण्यापर्यंत पोहोचलं.

रमाबाईंचा बाणा: पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला, तिथल्या अँग्लिकन मठात राहत असताना झाला. तरी त्रैक्याचा सिद्धान्त त्यांनी डोळे मिटून स्वीकारला नाही. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून निर्भीड वाद घातला.

१९७० मध्ये उत्तर भारतातले अँग्लिकन इतर पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले. मुंबईत फोर्टमधलं १७१८ चं सेंट थॉमस कॅथीड्रल आता याच चर्चचं आहे. एखाद्या रविवारी तिथं जरूर जा. कोण कधी उभं राहतं, कधी गुडघे टेकतं, नीट पाहा. यातल्या साध्या वाटणाऱ्या कृतींसाठीही कुणीतरी मोठी किंमत मोजली आहे.