घाटात ट्रक का तापतो?

मुंबईहून नाशिककडे येणारा मालवाहू ट्रक कसाऱ्यापर्यंत कुरकूर न करता धावतो आणि घाटाच्या मध्यावर त्याच्या तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो, हा प्रकार वाहतूक व्यावसायिकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. अशा वेळी बहुधा रेडिएटरला दोष दिला जातो, तो बदललाही जातो, आणि पुढच्या खेपेला गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी राहते.

कसारा ते इगतपुरी हा चढ सुमारे ३०० मीटर उंचीचा आहे. याच थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ स एक असा असून गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. ट्रकला असा मदतनीस नसतो. ४० टन वजनाचा भरलेला ट्रेलर केवळ तेवढा उंच उचलण्यासाठी ढोबळमानाने ८ लिटर डिझेल जळते. त्यातील ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जाच चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. सपाट रस्त्यावर वेगामुळे समोरून वारा मिळतो. घाटात वेग ताशी १५-२० किलोमीटरवर येतो आणि सारी भिस्त पंख्यावर राहते. पश्चिमेचा वारा पाठीमागून येत असेल, तर तोही आधार तुटतो.

म्हणूनच निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, तर प्रश्नाने व्हावी: गाडी नेमकी केव्हा तापते? उभ्या गाडीत, इंजिन नुसते चालू असताना तापत असेल तर संशय पंख्यावर. सपाट रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटरमधील अडथळ्यावर किंवा वॉटर पंपावर. केवळ भरल्या गाडीने घाट चढतानाच तापत असेल, तर उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता थोडी कमी पडते आहे आणि त्याची कारणे बहुतेक वेळा एकाहून अधिक असतात.

पहिली तपासणी फुकटची आहे. रेडिएटरच्या पुढे टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. या दोन जाळ्यांच्या फटीत धूळ, किडे आणि गवताचा भुसा यांचा थर बसतो. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, मागे मात्र हवा जायला वाट नसते. त्यानंतर झाकण. ते पाण्यावर दाब ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले, की इगतपुरीच्या उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळू लागते. काही रुपयांचे हे झाकण शेवटी तपासले जाते, हे दुर्दैव.

पंख्याचा क्लच गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडतो, तेव्हा मोठी घरघर ऐकू येते. काटा चढूनही ती ऐकू आली नाही, तर क्लच निकामी झाला असे समजावे. वॉटर पंपाचा पट्टा ढिला असेल, खालचा नळ वेग वाढवताच आत चिमटत असेल, तर पाण्याचा प्रवाहच मंदावतो. घाटात ओढ्याचे किंवा बोअरचे पाणी वारंवार भरले गेले, की आत क्षारांचा थर साचतो. रेडिएटरवर तापमापी फिरवली असता थंड पट्टे आढळल्यास तेथील नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील जुनी सवय येथे अंगाशी येते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढल्यावर ही आडवाट उघडीच राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि उपाय म्हणून केलेली गोष्टच घाटात गाडी तापवते.

हे सारे ठीक असेल, तरच हेड गॅस्केटकडे वळावे. थंड इंजिन सुरू करताच वरचा नळ टणक होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे किंवा ऑइल दुधट दिसणे ही त्याची लक्षणे. काळा धूर, चिकटलेले ब्रेक आणि अर्थातच जादा माल यांमुळेही इंजिनावरील भार वाढतो. चारही बाजूंच्या चाकांचे हब हाताने नव्हे, तापमापीने तपासले तर एक चाक भाजलेले आढळते, आणि रेडिएटर निर्दोष ठरतो.

काटा चढू लागल्यावर चालकाने खालचा गिअर घालून इंजिनाचे फेरे वाढते ठेवावेत, कारण पंप व पंखा दोन्ही त्यावरच चालतात. एसी बंद करावा, जागा मिळताच थांबावे. पाणी गळून गेले नसेल, तर इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे नुसते चालू ठेवावे. झाकण गरम असताना उघडू नये. उसळणारी वाफ चेहरा भाजते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. आणि काटा अचानक खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नये. पाणी संपून सेन्सर कोरडा पडल्यावरही तो असाच खाली येतो. तेव्हा मात्र इंजिन तत्काळ बंद करावे.