चार्जिंगचं ड्रिल घेताना

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "दाराची आतली कडी निघून आठ दिवस झाले. मिस्तरी रोज उद्या येतो म्हणतो. रात्री दाराला पाटा लावून झोपते." घरात ती आणि शाळेत जाणारी लेक, दोघीच. काम केवढं? चार भोकं, चार स्क्रू!

त्याच बैठकीत गटासाठी एक चार्जिंगचं ड्रिल घ्यायचं ठरलं. पूर्वी आम्ही एकदा फसलो होतो. डब्यावर मोठ्ठा '४८' आकडा बघून स्वस्तातलं ड्रिल आणलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात बॅटरी बसली. म्हणून या वेळी नीट चौकशी केली. तीच आज सांगते.

आधी आपली भिंत ओळखा. आपल्या जामनेर भागात तीन तऱ्हा दिसतात. धाब्याच्या जुन्या घराची मातीची भिंत असेल तर भोक सहज पडतं, पण स्क्रू धरत नाही. तिथं वजन लाकडी चौकटीवर किंवा खांबावर घ्यावं. विटांच्या भिंतीला हॅमरची सोय असलेलं ड्रिल लागतं. स्लॅब किंवा सिमेंटच्या कॉलमला मात्र हे छोटं यंत्र पुरत नाही. तिथं वायरचं मोठं हॅमर मशीन भाड्यानं आणा, नाहीतर गवंड्याला बोलवा.

आता ताकद. कडी, बिजागरी, फळी एवढ्याच कामाला १२ व्होल्टचं हलकं ड्रिल पुरे. विटांची भिंतही करायची असेल तर १८ व्होल्टचं, हॅमरवालं घ्या. काही डब्यांवर २० व्होल्ट लिहितात, ते बहुधा १८चंच असतं. आत पाच सेल असतात, प्रत्येक ३.६ व्होल्टचा, म्हणजे १८. नुकतं चार्ज केल्यावर तेच २० भरतात. म्हणून डब्यावरचा आकडा पाहून भुलू नका, बॅटरीवरचा वाचा. सोबत 'एएच' लिहिलेलं असतं. मोबाइलच्या बॅटरीवर जसा एमएएच, तसाच हा. घराला २ एएच पुरतो.

दुकानात यंत्र हातात धरून बघा. मनगट दुखेल इतकं जड नको. सुटी बॅटरी आणि दुरुस्ती जवळपास मिळते का, हे विचारा, कारण बॅटरीच महाग असते. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घ्याच. तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

बिट तीन प्रकारचे असतात: भिंतीचं, लाकडाचं आणि लोखंडाचं. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका. ६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ मिलिमीटरचंच बिट लावा. लाकूड, लोखंड आणि टाइलवर हॅमर बंद ठेवा. टाइलवर आधी चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही.

आता जिवाची गोष्ट. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडू नका. आत वायर असू शकते. मेन स्विच बंद करूनच काम करा. चार्जिंगच्या ड्रिलचा हाच मोठा फायदा, वीज बंद असली तरी ते चालतं. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा घाला, डोळ्यांवर चष्मा लावा. बिट बदलताना बॅटरी काढा.

आपल्या खानदेशच्या उन्हात बॅटरी पत्र्याखाली किंवा गाडीत ठेवू नका. काम करून तापली असेल तर गार झाल्यावरच चार्जिंगला लावा. आमची पहिली बॅटरी याच चुकीनं लवकर गेली असावी. खराब बॅटरी चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका.

आणि प्रत्येकीनं वेगळं ड्रिल घ्यायची गरज नाही. वर्षातून पाच-सात वेळा लागणारी वस्तू दहाजणींत एक पुरते. आम्ही एक वही ठेवलीय. कोणी नेलं, कधी परत आलं, बॅटरी भरलेली की रिकामी, सगळं त्यात लिहितो.

वहीतली पहिली नोंद त्या ताईची आहे. पहिलं भोक वाकडं गेलं, दुसरं जमलं. कडी बसली. पाटा पुन्हा स्वयंपाकघरात गेला.

तुमच्या घरात कोणती कडी मिस्तरीची वाट बघतेय? पुढच्या बैठकीत विषय काढा.