कंपनीची वेगवान गाडी की गॅरेजमध्ये वाढवलेली साधी गाडी?
खरेदीपूर्वी मांडावयाचा हिशेब

आपल्या तरुणांमध्ये मोटारींचा शौक जुना आहे. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड घ्या किंवा पुण्यातील नाना पेठ. जुन्या-नव्या सुट्या भागांच्या या बाजारांत रोज एक सवाल ऐकू येतो. कंपनीने मुळातच ताकदवान बनवलेली महाग गाडी घ्यावी, की साधे मॉडेल स्वस्तात घेऊन उरलेल्या पैशांत गॅरेजमध्ये तिची ताकद वाढवावी? बहुतेकांचा कल दुसऱ्या मार्गाकडे असतो, कारण त्यात बचत होते असे वाटते. ही बचत खरी आहे काय, हे आपण तपासून पाहू.

कंपनी जास्त पैसे कशाचे घेते?

चाकणच्या कारखान्यात बनणारी फोक्सवॅगन पोलो साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात ७५ अश्वशक्ती आणि ११० न्यूटन मीटर टॉर्क देत असे. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयने तितक्याच आकाराच्या टर्बो इंजिनातून १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर दिले. मारुतीच्या साध्या बलेनोची ताकद ८४ अश्वशक्ती होती, तर २०१७ च्या बलेनो आरएसची १०२. ह्युंदाईने २०२१ मध्ये आणलेल्या आय-२० एन लाइनमध्ये १२० अश्वशक्ती होती, तर साध्या १.२ लिटर आय-२० मध्ये ८३.

ग्राहक हे आकडे पाहतो आणि पंचवीस-तीस घोडे आपणही वाढवू असे म्हणतो. पण कंपनीने केवळ इंजिन बदललेले नसते. बलेनो आरएस आणि आय-२० एन लाइन यांना चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. एन लाइनचे सस्पेन्शनही अधिक कडक केलेले होते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक यांचा एकमेकांशी मेळ बसवून, चाचण्या पार करून, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता घेऊनच अशी गाडी बाजारात येते. या साऱ्या कामाचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो. गॅरेजमध्ये तोच खर्च एकट्या ग्राहकाच्या खिशातून जातो.

साध्या इंजिनाची मर्यादा

टर्बो नसलेले इंजिन हवा स्वतःच ओढून घेते. हवा वाढली नाही तर पेट्रोल वाढवून उपयोग नाही. म्हणून अशा गाडीच्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची, मांडणी बदलली, मोठा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला, तरी हाती थोडेच लागते. आवाज मात्र दुप्पट होतो, आणि आवाज म्हणजेच ताकद असा पुष्कळांचा गैरसमज आहे.

मग काही जण बाहेरून टर्बो बसवतात. साध्या इंजिनाचे कॉम्प्रेशन त्या दाबासाठी ठरवलेले नसते. म्हणून पिस्टन बदला, इंजेक्टर बदला, कूलिंग वाढवा, क्लच बदला, अशी साखळी सुरू होते. एक कडी वगळली की दुसरी तुटते. काटकसर म्हणून सुरू केलेले काम कंपनीच्या महाग मॉडेलच्याही पुढे जाते.

टर्बो असलेल्या गाडीत ईसीयू बदलून ताकद बरीच वाढते, हे खरे. पण तेथेही मर्यादा आहे. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. त्या गाडीची मागची चाके ड्रम ब्रेकचीच होती. इंजिन वाढवून ब्रेक आणि गिअरबॉक्स तसेच ठेवणे म्हणजे भिंती न तपासता वर मजला चढवणे होय.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्याप्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सर्वच बदलांना बंदी आहे असे मात्र नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट अधिकृत केंद्रातून बसवून आरटीओत नोंद करून घेता येते. इंजिन बदलण्यासाठीही परवानगीची वाट आहे. पण परवानगी न घेता केलेले काम आणि कर्कश सायलेन्सर यांना संरक्षण नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्याबरोबर ग्राहकाचे पैसेही चिरडले गेले.

विम्याचा आणि विक्रीचा हिशेब

आमच्या मते खरा धोका दंडाचा नसून विम्याचा आहे. विम्यातील गाडीची किंमत कंपनीच्या छापील किमतीवरून घसारा वजा करून ठरते. दुसऱ्या वर्षी वीस टक्के, पाचव्या वर्षी पन्नास टक्के घसारा धरतात. गॅरेजमध्ये घातलेला पैसा या किमतीत आपोआप येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, न कळवलेल्या बदलाचे कारण पुढे करून विमा कंपनी दावा अडवू शकते. अपघातात समोरचा माणूस जखमी झाला आणि वाद कोर्टात गेला, तर ईसीयू बदललेली गाडी मालकाच्या विरुद्ध पुरावा ठरते. ज्या घराची सारी जमा त्या गाडीत अडकलेली आहे, त्या घरासाठी ही साधी बाब नाही. वॉरंटीचेही तसेच आहे. बदललेल्या भागाशी संबंधित बिघाड कंपनी आपल्या खर्चाने दुरुस्त करून देत नाही.

विक्रीच्या वेळी जुन्या बाजारातील दलाल मूळ स्थितीतील गाडी शोधतो. बदललेली गाडी दिसली की ती बेदम पळवली असेल असे धरून तो भाव पाडतो.

दुसरी बाजू

कंपनीच्या वेगवान गाडीतही तोटा होऊ शकतो. आपल्या देशात अशा गाड्यांचा खप कमी असतो. मारुतीने सप्टेंबर २०१९ मध्ये बलेनो आरएसची किंमत एकदम एक लाख रुपयांनी उतरवली आणि २०२० च्या सुरुवातीस ती बंद केली. ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले, त्यांचे नुकसान झाले. पोलोचे उत्पादनही २०२२ मध्ये थांबले.

यातूनच तिसरा मार्ग निघतो. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली, मूळ स्थितीतील, वापरलेली वेगवान गाडी शोधावी. पहिला मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मात्र त्या मॉडेलचे खास भाग, जसे टर्बो आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग, किती किमतीला व किती दिवसांत मिळतात हे सौद्यापूर्वी विचारून घ्यावे.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

या हुनरावर आपल्या असंख्य घरांची चूल पेटते. म्हणून बदलाचे कामच सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. चांगले टायर, दर्जेदार ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे नवे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर यांनी साधी गाडीही रस्त्यावर उत्तम बसते आणि कायदाही आड येत नाही. टायर बदलताना बाहेरचा व्यास मूळ इतकाच राहावा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. वजन पेलण्याची क्षमताही कमी नसावी. प्रत्येक कामाचे पक्के बिल द्यावे आणि काढलेले मूळ भाग ग्राहकाला परत करावेत.

कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. मोटार शर्यतींच्या क्षेत्रात नाव कमावलेल्या या कंपनीने टाटा मोटर्सशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली. ८५ अश्वशक्तीच्या टियागोची ११४ झाली, किंमत होती सहा लाख एकोणचाळीस हजार, आणि गाडी मान्यतेसह शोरूममधून विकली गेली. बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा, २०२० मध्ये, ती बंद पडली. पण कागद आणि चाचणी सोबत असेल तर गाडी सुधारण्याची कारागिरी मोठ्या कंपनीच्या दारापर्यंत जाते, हे त्यातून दिसले.

सारांश

रोजच्या वापरासाठी ताकद हवी असेल तर ती कंपनीकडूनच घ्यावी, नवी किंवा जुनी. साधी गाडी असेल तर प्रथम टायर व ब्रेक सुधारावेत, इंजिनाला हात लावू नये. शर्यतीचा शौक असेल तर त्यासाठी कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ ट्रॅक आहेत, सार्वजनिक रस्ता नाही. आणि पैसे देण्यापूर्वी गॅरेजवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात: हा बदल नोंदणी पुस्तकात बसतो काय, आणि विमा कंपनीला लेखी कळवता येईल काय? दोन्हींचे उत्तर "हो" येत नसेल, तर ते काम करून घेऊ नये.