अर्धे माग बंद, तरी तीनच डेसिबल कमी

यंत्रमागाच्या शेडमध्ये पहिल्यांदा शिरलेला माणूस दोन मिनिटं ओरडून बोलून बघतो आणि मग गप्प बसतो. तिथली मुरलेली माणसं ओरडण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. मान, भुवया, बोटं आणि समोरच्याचे ओठ, एवढ्यावर त्यांची अख्खी पाळी निघते. इचलकरंजीच्या अशाच एका शेडमधले मामा मला बाहेर चहाच्या गाड्यावर घेऊन आले आणि म्हणाले, "घरात टीव्ही मोठा लावतोय म्हणून पोरं वरडत्यात. बाकी कान ठणठणीत हाईत."

1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. साध्या मागाची मूळ चाल आजही तीच आहे. आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्याला पिकर नावाच्या ठोकळ्याचा तडाखा बसतो, धोटा ताण्यातून सुसाट जातो आणि पलीकडच्या पेटीत आदळून थांबतो. तिथून पुन्हा तडाखा, पुन्हा आदळणं. मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्या धरल्या आणि शेडमध्ये 24 माग धरले, तर एका सेकंदात चाळीस ते साठ दणके होतात. वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूंनी उघड्या भिंती. आवाज शोषून घेईल असं तिथे काहीच नसतं, त्यामुळे प्रत्येक दणका परतून कानावर येतो.

हा आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची बेरीज शाळेतल्यासारखी होत नाही. एका मागाने मीटरवर 90 दाखवले आणि शेजारी तसाच दुसरा सुरू केला, तर आकडा 93 होतो. ऊर्जा दुप्पट झाली की तीनच डेसिबल वाढतात. याची उलटी बाजू मालकाला पटवणं फार अवघड. 24 पैकी 12 माग बंद केले, निम्म्या उत्पादनावर पाणी सोडलं, तरी मीटर जेमतेम तीनने उतरतो. आणि कानाला तो फरक धड जाणवतही नाही. म्हणून "आवाज तेवढाच तर आहे" हे वाक्य मोजमापाच्या कामाचं नाही.

मीटर हातात धरून शेडच्या मधोमध उभं राहिलं की शेडचा आवाज कळतो. माणसाच्या कानात किती गेला, ते मात्र कळत नाही. सुताच्या कांड्या पुरवणारा कांडीवाला आत-बाहेर करतो, मागवाला चार-सहा मागांमध्ये पाळीभर अडकलेला असतो. त्यासाठी डोसमीटर असतो. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, खांद्यावर कानाजवळ चिमट्याने लावायचं आणि पाळीभर विसरून जायचं. ते क्षणाक्षणाची नोंद करतं आणि शेवटी सांगतं, आजचा वाटा किती टक्के भरला.

हा वाटा ठरवणाऱ्या पट्ट्या दोन आहेत. आपल्या कारखाना नियमांतला तक्ता 90 डेसिबलला 8 तास देतो आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मा करतो. त्या तक्त्यात 97 ला 3 तास मिळतात. अमेरिकेतली संशोधन संस्था नायॉश 85 पासून सुरू करते आणि दर तीनला वेळ निम्मा करते. तिच्या हिशेबात 97 ला मिळतो अर्धा तास. आता 97 डेसिबलमध्ये बारा तासांची पाळी मांडून पाहा. पहिल्या पट्टीने मर्यादेच्या चौपट होते, दुसरीने चोवीसपट. पाळी तीच, कानही तोच. ऊर्जेच्या गणिताशी दुसरी पट्टी जुळते, म्हणून माझा कल तिच्याकडे.

अर्थात तक्ता लागू व्हायला आधी कायदा लागू व्हावा लागतो. 1948 च्या कारखाना कायद्यात वीज वापरणारा कारखाना ठरायला 10 कामगार लागत. 2020 च्या कामगार संहितेने ते 20 केले. 24 साध्या मागांना पाळीला पाच-सहा माणसं पुरतात, म्हणजे अशी शेड कायद्याबाहेरच राहते.

मामांच्या "ठणठणीत" कानाचं काय? अंतर्कर्णाच्या शंखासारख्या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. सततच्या गोंगाटात पहिला फटका 4000 हर्ट्झच्या आसपास ऐकणाऱ्या पेशींना बसतो. श्रवण-आलेखात तिथे एक खड्डा पडतो. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'थ' वरच्या पट्टीतले, ते पुसट होतात. 'सात' म्हटलं की 'आत' ऐकू येतं. म्हणून अशी माणसं "ऐकू येत नाही" म्हणत नाहीत, "लोक नीट बोलत नाहीत" म्हणतात. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य रामाझ्झिनीने व्हेनिसच्या तांबटांचा बहिरेपणा नोंदवला होता. पुण्याच्या तांबट आळीतून एकदा गेलेल्या माणसाला ते वेगळं समजावायला नको.

उपाय विचारला की हमखास कापसाचा बोळा किंवा फोमचा इअरप्लग पुढे येतो. खरं तर तो रांगेत शेवटी यायला हवा. आवाज जिथे जन्मतो तिथे कमी करायचा, म्हणजे धोटाच काढायचा. रॅपियर माग हे करतो, पण त्याची किंमत छोट्या मागवाल्याला झेपत नाही. मग पिकर आणि बफर वेळेवर बदलणं, ढिले नट आवळणं, मागाखाली रबरी पॅड घालणं. छताला आवाज शोषणारे पत्रे लावता येतात, मात्र कापसाचा उडता तूस त्यांवर साठतो आणि आगीला आमंत्रण मिळतं, तेव्हा सामान न जळणारं आणि झाडता येणारं हवं.

इअरप्लगचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा करावाच. समजा प्लग 30 डेसिबल अडवतो. आठ तासांत अर्धा तास तो काढून ठेवला, तंबाखू मळायला म्हणा की माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचं ऐकायला, तर ऊर्जेचा सोळावा भाग थेट कानात गेला आणि दिवसभराचं संरक्षण 30 वरून 12 वर आलं. उरलेले साडेसात तास इमानदारीने घातला होता, तरीही.

मामांना म्हटलं, एकदा तपासणी करून घ्या. पण चाचणीआधी सुमारे चौदा तास कान शांत असावा लागतो, नाहीतर पाळीचा तात्पुरता बधिरपणा कायमच्या बहिरेपणात मिसळून दिसतो. मामांची पाळी बारा तासांची. उरतात बारा.

"मग सुट्टीदिवशी जातो की," मामा म्हणाले. सुट्टीदिवशी दवाखाना बंद असतो, हे आम्हा दोघांच्या एकदमच ध्यानात आलं.