घटातला गहू आणि मँगनीजचे चार अणू

दसऱ्याला घट हलवला की आमच्याकडे पुरुष पिवळे कोंब टोपीत खोचतात, बायका केसांत माळतात. यंदा उरलेलं धान मी पत्रावळीसकट गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि विसरून गेले. दुपारच्या चहाला बाहेर आले, तर गव्हाच्या पात्यांवर हिरवी झाक. देवघरात नऊ दिवस समईच्या उजेडाला जे जमलं नाही, ते उन्हाने काही तासांत केलं.

हिरवं होणं दिसतं. पण पातं हिरवं झालं म्हणजे ते प्राणवायू सोडू लागलं, असं नाही. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची रोपं मिट्ट काळोखातही हिरवी उगवतात, कारण हरितद्रव्य तयार करायला त्यांना उजेड लागत नाही. तरीही त्यांना पाणी फोडून प्राणवायू सोडता येत नाही. थोडा वेळ उजेड दाखवला की येतं. म्हणजे उजेड हे या पाणी फोडणाऱ्या यंत्राचं इंधन तर आहेच, पण यंत्र जुळवणारा कारागीरही तोच.

यंत्राचा गाभा केवढासा! मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक, आणि त्यांना सांधणारे ऑक्सिजनचे पाच. फोटोसिस्टिम-२ नावाच्या प्रथिनसंकुलात हा पुंजका बसलेला असतो. १९७०मध्ये बेसेल कॉक यांनी त्याच्या कामाचा हिशेब मांडला, तो पिएर जोलिओ यांच्या आदल्या वर्षीच्या प्रयोगांवरून. चार प्रकाशकणांगणिक चार इलेक्ट्रॉन सुटतात, पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि ऑक्सिजनचा एक रेणू मोकळा होतो. पुंजक्याचा स्वच्छ चेहरामोहरा मात्र २०११मध्ये दिसला. जपानमधल्या शेन आणि कामिया यांच्या गटांनी उष्ण पाण्यात वाढणाऱ्या सायनोबॅक्टेरियाचं फोटोसिस्टिम-२ स्फटिकरूपात आणून १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने पाहिलं. आकार एखाद्या वाकड्या खुर्चीसारखा निघाला.

ही खुर्ची बाहेर तयार होऊन आत बसवली जात नाही. ती जागेवरच जुळते. या जुळणीचा छडा लावायला जॉर्ज चेनी आणि आयरिस मार्टिन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. त्यांची बाल्टिमोरची प्रयोगशाळा क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपनीची होती, हे मला अजून गमतीचं वाटतं.

पहिला मँगनीज येऊन बसतो तो फोटोसिस्टिम-२मधल्या डी-१ या प्रथिनातल्या १७०व्या अमिनो आम्लाच्या, ॲस्पार्टिक आम्लाच्या आधाराने. प्रकाशकण पोचला की हरितद्रव्यातून एक इलेक्ट्रॉन निसटतो. ती तूट शेजारचं टायरोसिन हे अमिनो आम्ल भरून देतं आणि स्वतःची तूट मँगनीजकडून भरून घेतं. मँगनीजचा भार दोनाचा तीन होतो. यानंतर येते ती गंमत: पुढचं पाऊल अंधारातलं. प्रथिन आणि अणू जरा सरकून, सावरून बसतात, आणि मगच दुसरा प्रकाशकण उपयोगी पडतो. तो फार लवकर आला तर वाया. फार उशिरा आला तर पहिला मँगनीज सुटून गेलेला.

आकाशकंदिलाचा सांगाडा बांधताना असंच होतं. कामट्यांची पहिली गाठ मारली की दुसरी पडेपर्यंत तिच्यावर बोट दाबून धरावं लागतं. हात काढला की सगळं उकलतं.

पहिल्या मँगनीजचं हे उकलणं योरिनाओ इनोउए यांनी जपानमध्ये दाखवलं ते गव्हावरच. अंधारात उगवलेल्या गव्हावर त्यांनी क्षणमात्र झोत टाकले, पण दोन झोतांमध्ये काही मिनिटं जाऊ दिली. पानं हिरवी झाली, फोटोसिस्टिम-२ उभं राहिलं, प्राणवायू मात्र नाही. झोत जवळजवळ आणल्यावर तोही आला.

या सगळ्यात कॅल्शियमचं काम मुकादमाचं. तो नसला तर मँगनीज भलत्याच ठिकाणी, भलत्याच रूपात चिकटत राहतो. मँगनीजचा हा स्वभाव भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत उघड्यावर पाहायला मिळतो. तिथला काळा दगड म्हणजे मँगनीजचं डायऑक्साइड. टॉर्चच्या सेलमध्ये काळी पूड असते तेच. पानाला असा ढिगारा नको, मोजून चार अणू हवेत.

शिवाय जागाही आधी तयार लागते. डी-१ जन्मतो तेव्हा त्याला एक जादा शेपूट असतं. एक विकर ते छाटतं, तेव्हा टोकाला उघडं पडलेलं ॲलानिन मँगनीज आणि कॅल्शियम दोघांना धरतं. सेनेडेस्मस या शेवाळाचा एक बिघडलेला वाण आहे. त्याला हे शेपूट छाटता येत नाही, आणि केवळ तेवढ्याने त्याचं पाणी फोडणं अडतं.

तयार यंत्र प्रकाशकण सहसा फुकट घालवत नाही. तेच यंत्र जुळताना मात्र बहुतेक प्रकाशकण वाया जातात. एवढ्या उधळपट्टीने उभं केलेलं जपून तरी वापरावं, तर तेही नाही. कडक उन्हात डी-१ अर्ध्या-पाऊण तासातही निकामी होतो. मग पुंजका विस्कटतो, मँगनीज सुटे होतात, जुना डी-१ कापून काढला जातो आणि नव्याच्या १७०व्या जागी पुन्हा एक मँगनीज येऊन उजेडाची वाट पाहतो. कठड्यावरच्या गव्हात त्या दुपारी जुळणी आणि मोडतोड दोन्ही चालू होती, एकाच उन्हात.