पाच टॅली की पाच टॅलीज?

मागच्या उन्हाळ्यात लातूरला एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम निघाले होते. सुटीत दोन पैसे मिळतील म्हणून मी नांदेडहून सकाळच्या एस.टी.ने गेले. अर्ज इंग्रजीत हवा होता. आमच्या घरात इंग्रजी अर्ज लिहिणारी मीच पहिली, तेव्हा तो तपासून देणारे कोणी नव्हते. मला पुष्कळ 'सॉफ्टवेअर्स' येतात आणि दोन दुकानांच्या 'टॅलीज' मी सांभाळल्या आहेत, असे मी लिहिले होते. त्या टॅलीच्या डोक्यावर एक टिंबासारखा स्वल्पविराम देऊन मग एस काढला होता. तिथल्या गृहस्थांनी दोन्ही शब्दांभोवती लाल गोल काढले, शेजारच्या माणसाला दाखवले आणि दोघेही हसले. काम मिळाले नाही. ते गोलांमुळेच असे मी म्हणत नाही. पण अहमदपूर गेले, लोहा गेले, तरी डोळ्यांपुढून ते दोन गोल काही हलेनात.

कॉलेज उघडल्यावर मी इंग्रजीच्या सरांना गाठले, ग्रंथालयातली व्याकरणे चाळली. त्यातून जे समजले ते माझ्यासारख्याच मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडते.

आधी पहिला गोल. 'सॉफ्टवेअर' या शब्दाला इंग्रजीत अनेकवचनाचा एस लागत नाही. याचे कारण शब्दाच्या शेपटीत आहे. 'वेअर' म्हणजे माल, सामान. आपल्याकडे बाजारात 'हार्डवेअर'ची दुकाने असतात. तिथे खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे मिळतात. हार्डवेअरचा मूळ अर्थ हाच, लोखंडी सामान. पुढे संगणकाच्या यंत्रभागाला तेच नाव मिळाले आणि त्याच्या जोडीने सॉफ्टवेअर आले. संगणकाच्या संदर्भात हा शब्द अमेरिकन गणितज्ञ जॉन ट्यूकी यांच्या १९५८ सालच्या एका लेखात छापलेला आढळतो.

सरांनी हे सांगितले तेव्हा मी मान डोलावली, पण खरे कळले ते घरी. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, नव्या मोंढ्यात हमाली करतात. मी त्यांना विचारले, "दादा, ट्रकमधून सामान उतरलं, तर दोन सामानं उतरली म्हणतेत का?" ते हसले. म्हणाले, "सामान कुठं मोजतेत गं? मोजायचे ते नग. सामान आलं, पन्नास नग उतरले." इंग्रजीची रीत नेमकी हीच आहे. सॉफ्टवेअर हे सामान आहे, ते मोजायचे तर पुढे नग लावावा लागतो. इंग्रजीत नगासाठी 'पीस' म्हणतात किंवा सरळ 'प्रोग्राम' हा शब्द घेतात. प्रोग्रामला मात्र एस खुशाल लागतो. फर्निचर, इन्फर्मेशन, लगेज हे सगळे याच गोणीतले शब्द.

मग आमची सर्वांची चूक का होते? मला वाटते, ती आमच्या मराठीमुळे होते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मराठीत आपण 'ते सॉफ्टवेअर' म्हणून त्याला नपुंसकलिंगात बसवले आणि पुस्तकाप्रमाणे मोजू लागलो: एक सॉफ्टवेअर, चार सॉफ्टवेअर. मराठीत हे बरोबरच आहे. तीच मोजणी इंग्रजीत नेली की लाल गोल पडतो.

आता दुसरा गोल. टॅली हे विशेषनाम आहे. इंग्रजीत विशेषनामाचे अनेकवचन होते, पण नावाच्या मूळ अक्षरांना धक्का लावायचा नाही. सिटी, बेबी या शब्दांत शेवटचा वाय जाऊन आयई येतो, तसे इथे होत नाही. १९४९ ते १९९० या काळात जर्मनी दोन होत्या. इंग्रजीत त्या लिहिताना वाय तसाच ठेवून पुढे एस लावतात. तेव्हा टॅलीचाही वाय राहील. नावाच्या शेवटी एस किंवा एक्स असेल तर ईएस लावावे: लिनक्सचे लिनक्सेस, युनिक्सचे युनिक्सेस. जुने संगणकवाले गंमत म्हणून ऑक्सचे जसे ऑक्सन होते तसे व्हॅक्स नावाच्या यंत्राचे व्हॅक्सन करीत, पण तो त्यांचा आपसातला विनोद. अर्जात तो चालणार नाही.

माझा तो वरचा स्वल्पविराम मात्र निखालस चूक होता. ते षष्ठीचे चिन्ह आहे. मी लिहायला गेले अनेक टॅली आणि लिहून बसले 'टॅलीचे'! नांदेडच्या पाट्यांवर हे चिन्ह इतके दिसते की मला तो अनेकवचनाचा दागिनाच वाटला होता.

विंडोजची अडचण वेगळी. ते नाव जन्मतःच अनेकवचनी आहे, म्हणजे खिडक्या. त्यावर आणखी ईएस चढवला तर जीभ अडखळते. म्हणून इंग्रजी लिहिणारे वाट बदलतात: विंडोजचे पाच संगणक, विंडोजच्या तीन आवृत्त्या. नाव एकवचनात राहते आणि मोजणीचा भार शेजारचा शब्द उचलतो. पुन्हा दादांचा नगच!

कंपन्यांनाही हेच हवे असते. आमच्या नावाचे अनेकवचन करू नका, क्रियापद करू नका, फोटोशॉप सॉफ्टवेअर असे पूर्ण म्हणा, असा त्यांचा आग्रह असतो. त्यामागे भीती आहे. एस्कलेटर हे एके काळी ओटिस कंपनीचे राखीव नाव होते. लोकांनी ते इतके वापरले की १९५० मध्ये अमेरिकेत ते कोणाचेच राहिले नाही. आपण "दोन झेरॉक्स मार" म्हणतो तेव्हा यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे कोण बघतो?

मराठीने या बाबतीत आपले वेगळेच चालवले आहे. आमच्या वर्गात तीन गणेश आहेत. इंग्रजीत त्यांचे गणेशेस होतील, मराठीत ते तीन गणेशच राहतात. म्हणून 'पाच टॅली' हे मराठीला सहज वाटते. सामान्यनाम आले की मात्र लिंग पाहून रूप ठरते. फाईल बाई, म्हणून फायली. बँक बाई, म्हणून बँका. तिकीट नपुंसक, म्हणून तिकिटे. प्रिंटर पुरुष, तो दगडासारखा एक काय नि दहा काय, प्रिंटरच. ॲपचे वर्तमानपत्रांत ॲप्स होते, पण आमच्या गल्लीतली पोरे बिनदिक्कत "चार ॲपं" म्हणतात. मला पोरांचे रूप जास्त आवडते, कारण ते आपल्या घरं-दारंच्या रांगेत बसते.

कधी आपण परक्यांचे अनेकवचन उचलून त्याला एकवचन करून टाकतो. 'उमराव' हे अरबीतल्या 'अमीर'चे अनेकवचन. आपल्याकडे एकटा माणूसही उमराव होतो. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, आमच्या आजोबांच्या पिढीच्या कानांवर 'अखबार' शब्द होता; तोही मुळात 'खबर'चे अनेकवचन. हे जुने झाले म्हणाल, तर लातूरला जाऊन पाहा. तिथे गल्लोगल्ली शिकवण्या, आणि एकाच खोलीत एकच मास्तर शिकवीत असला तरी पाटीवर 'क्लासेस'. मुलेही म्हणतात, "हा क्लासेस चांगला आहे." त्या क्लासेसभोवती कोणी लाल गोल काढलेला मी अजून पाहिलेला नाही.

असो. येत्या सुटीसाठी मी नवा अर्ज लिहायला घेतला तेव्हा दादा जेवून अंगणात बसले होते. "काय लिहिलालीस गं एवढं?" त्यांनी विचारले. मी वाचून मराठीत सांगितले, की मला हिशेबाचे सॉफ्टवेअर येते, दोन दुकानांचे हिशेब मी टॅलीवर ठेवले आहेत.

"आन् नग किती येतेत ते लिहिलीस का?"

ते राहिलेच होते. मी प्रोग्राम हा शब्द घेतला, त्याला एस लावला आणि आधी आकडा लिहिला: तीन.